नऊ स्वच्छ पत्रे

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वाशीमकडच्या शिरपूरला नेमीचंद शेठच्या किराणा दुकानात एका सर्टिफिकेटची किंमत पाचशे एक रुपये ठरली. ती शेठजींनीच ठरवली, मला विचारलं नव्हतं. हजर असलेली माणसं अशी: गल्ल्यावर स्वतः नेमीचंद शेठ, आतल्या दारात त्यांच्या पत्नी कंचनबाई, तेलाच्या डब्यावर बसलेला मुलगा अक्षय, आणि मी. सर्टिफिकेटात एवढंच लिहायचं होतं की सदर घरावरील सिमेंटच्या पत्र्यांचं छप्पर आरोग्यास सुरक्षित आहे. खाली माझी सही आणि शिक्का.

जिच्यासाठी हा कागद हवा होता ती तिथं नव्हती. अक्षयची बायको पूनम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी रिठदला होती. तिच्या वडिलांचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगा झाला, सव्वा महिना उलटला, तिला आणायला जायचा दिवस ठरला, जीपही सांगून झाली. आणि तिनं फोन करून कळवलं की घरावरचे पत्रे बदलल्याशिवाय मी लेकराला घेऊन येणार नाही. तिनं मोबाईलवर ॲस्बेस्टॉसबद्दल वाचलं होतं, आणि बाळंतिणीची खोली नेमकी त्या पत्र्यांखाली होती.

मी वाशीमला खासगी ओव्हरसियरचं काम करतो. घरं मोजणं, दुरुस्तीची अंदाजपत्रकं करणं, बँकेच्या कर्जासाठी बांधकामाची किंमत काढणं, हा धंदा. लोक मला इंजिनियर म्हणतात. मी डिप्लोमावाला आहे आणि तसं दर वेळी सांगतो. त्यामुळे लोकांना मी विनयशील वाटतो, एवढाच त्याचा उपयोग.

मी शेठजींना म्हणालो, "लांबी-रुंदीचं सर्टिफिकेट मागा, आत्ता देतो. आरोग्याचं देणारा मी कोण?"

"भाऊ, तुमाले सहीच तं करायची आहे. घर किती फुटाचं आहे त्याच्यावर करता ना, तशीच याच्यावर करा."

"आणि उद्या सुनेनं विचारलं, कशावरून लिहिलं?"

"ते तुमच्या सहीले विचारते का? शिक्का पाह्यते अन् गप बसते."

अक्षयनं तेवढ्यात रिठदला फोन लावून स्पीकर चालू केला होता. सून हे सगळं ऐकत होती हे शेठजींना उशिरा कळलं. फोनमधून शांत आवाज आला, "पप्पा, आपल्या घरी पानी दोनदा गाळून पेतात. हवा कोन गाळते ते सांगा, मी उद्या येतो." कंचनबाई दारातून आत निघून गेल्या. शेठजींनी वजनकाट्यावरची धूळ फुंकली. सर्टिफिकेटाचा विषय तिथं संपला आणि माझं काम सुरू झालं.

ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण ज्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो ते नुसत्या सिमेंटचे नसतात. नुसत्या सिमेंटचा इतका पातळ पत्रा हातात घेताच मोडेल. म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळतात, मातीच्या भिंतीत भुसा मिसळतात तसे. हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. पत्रा अखंड असेपर्यंत सिमेंट त्यांना धरून ठेवतं. पत्रा कापला, भोक पाडलं, घासला, फोडला, की ते सुटतात, हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. तिथून ते बाहेर येत नाहीत. त्यातून फुप्फुसाचे गंभीर आजार होतात, कॅन्सरही होतो, पण तो आज होत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतो. तोवर पत्रा बसवणारा मिस्त्री, विकणारा दुकानदार आणि मोजणारा ओव्हरसियर, कोणीही कोणाला सापडत नाही.

म्हणजे धोका पत्र्याखाली नुसतं बसण्यात फारसा नाही, त्याला हात लावण्यात आहे. लोकांना हेच पटत नाही. ज्यांना भीती वाटत नाही ते काहीही करतात, आणि ज्यांना वाटते ते त्याहून वाईट करतात. पोहरादेवीला यात्रेच्या तोंडावर एका हॉटेलवाल्याला धूर बाहेर काढायला छपराला भोक हवं होतं. मी पोचलो तेव्हा त्याचा माणूस पत्र्यावर ग्राइंडर चालवत होता, खाली भज्यांची कढई चालू होती आणि पांढरा भुरा थेट गिऱ्हाइकांवर उतरत होता. मी ओरडलो तर मालक म्हणाला, "साहेब, तेलात सगळं जयून जाते." दुसरे वाशीमचे एक निवृत्त अधिकारी. त्यांनी ॲस्बेस्टॉसच्या धसक्यानं पत्र्याखाली प्लायवूडचं सीलिंग लावून घेतलं आणि मला कौतुकानं दाखवायला नेलं. सीलिंग टांगलं कशाला होतं? पत्र्यालाच. हातभर अंतरावर एक भोक, कोरड्या ड्रिलनं, दारं-खिडक्या बंद करून, कारण शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको. मी भोकं मोजायला लागलो तेव्हा ते म्हणाले, चहा घ्या.

तर नेमीचंद शेठचं घर. पुढं दुकान, त्यावर स्लॅबची गच्ची. मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यावर सिमेंटचे पत्रे, गच्चीपासून मागं परसाकडे एकाच उतारानं गेलेले. नऊ पत्र्यांच्या तीन ओळी, एकूण सत्तावीस. शेठजींच्या लग्नाच्या सुमाराला घातलेले. खालून पाहिलं तर सगळे सारखेच. शेठजी म्हणाले, पाहा, कुठं चीर आहे का? नव्हती. मनात मी निम्मं अंदाजपत्रक केलंही: हात लावायचा नाही, रंगाचा जाड थर द्यायचा, खाली भिंतींच्या आधारानं सीलिंग, सुनेला समजावून सांगायचं. माझ्या स्वतःच्या घरी स्कूटर ठेवायच्या जागेवर असे सहा पत्रे आहेत. रंगवून सोडून दिलेत, कोणाला तिथं खिळाही ठोकू देत नाही.

मग मी गच्चीवर गेलो.

खालच्या दोन ओळींवर, म्हणजे अठरा पत्र्यांवर, पावसाळ्यातल्या शेवाळाचा वाळून काळा झालेला थर होता. कबुतरांची घाण होती, पतंगाचा एक सांगाडा होता. बघवत नव्हतं. गच्चीला लागून असलेली वरची ओळ मात्र राखाडी, लख्ख, डागही नाही. जवळ जाऊन पाहिलं तर सिमेंटचा वरचा पापुद्रा गेलेला होता आणि पत्र्यावर लव उभी होती, नव्या सतरंजीवर असते तशी. ओलं फडकं अलगद टेकवलं तर फडक्याला ती चिकटून आली. काळ्या अठरांवर तेच केलं तर फक्त शेवाळ निघालं.

गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली, तारेचा ब्रश ठेवलेला होता. दांडा हाताळून गुळगुळीत झालेला.

मी खाली येऊन शेठजींना विचारलं की वरची ओळ कोण घासतं. ते अभिमानानं म्हणाले, "घरच्याच. मजुराच्या हातचं त्याहिले पटत नाही." मग सगळा उलगडा झाला. चातुर्मासात या जैन घरी हिरवी भाजी खात नाहीत. चार महिने मूगवड्या, पापड, वाळवणं यांच्यावर काढायचे. ते सगळं उन्हाळ्यात करून ठेवावं लागतं, आणि कंचनबाईंच्या मूगवड्या तर गावातल्या देवळात अंतरीक्षजींच्या दर्शनाला आलेले पाहुणेसुद्धा पुड्या बांधून नेतात. गच्चीच्या फरशीवर वडी खालून ओली राहते. पत्र्याच्या नागमोडी नाळ्यांवर धोतर पसरून घातली की खालून वारा लागतो आणि एका उन्हात खडखडीत होते, हा त्यांचा अनुभव. त्यासाठी जागा स्वच्छ हवी. म्हणून लग्न होऊन आल्यापासून दर चैत्रात, गच्चीच्या कठड्यावरून जिथवर हात पोचेल तिथवरचे पत्रे त्या स्वतः तारेच्या ब्रशनं घासत आल्या होत्या, कोरडे, कारण उन्हाळ्यात शिरपूरला छपरावर ओतायला पाणी कोणाकडे आहे? घासल्यावर झाडू मारायच्या. झाडलेला भुरा पत्र्यांच्या सांध्यांतून खाली बाळंतिणीच्या खोलीत उतरायचा. तो त्या परत झाडायच्या.

थोडक्यात, जिथं या बाईंचा हात पोचला नाही तेवढं छप्पर धडधाकट होतं. गावातलं सगळ्यात स्वच्छ घर म्हणून ज्याचं नाव, त्याचा धोका बरोबर त्या स्वच्छतेएवढा होता. पंचवीस वर्षांच्या धंद्यात घाण ही सुरक्षित बाजूला लिहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

आता हे कंचनबाईंना सांगणार कोण? शेठजी म्हणाले, तुम्ही सांगा, तुम्ही जाणकार. मी म्हणालो, तुम्ही सांगा, तुम्ही नवरा. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही सांगा. अक्षयनं मोबाईलमध्ये मान आणखी खाली घातली. शेवटी शेठजींनी एक तडजोड सुचवली की बाईंना काही न सांगता पत्रे बदलावेत आणि सुनेच्या हट्टाखातर बदलले असं म्हणावं. म्हणजे खापर सुनेवर. या घरात अशी तडजोड पहिल्यांदाच होत नसावी, कारण ती फार पटकन सुचली.

ती होऊ शकली नाही, कारण कंचनबाई जिन्यात उभ्या होत्या.

त्यांनी मला परत वर नेलं आणि दाखवा म्हणाल्या. मी ओलं फडकं आधी काळ्या पत्र्यावर टेकवलं, मग स्वच्छ पत्र्यावर. त्यांनी फडकं हातात न घेता मलाच त्यांच्या डोळ्यांजवळ धरायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी या घरात इतके वर्स जहर झाडून राह्यली होती, असं म्हनता तुमी?"

मी म्हणालो की वड्यांचा फारसा प्रश्न नाही, धोका खाण्यापेक्षा श्वासाचा आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पत्र्यावरही लिहिलेलं नव्हतं. हे सगळं खरं होतं आणि त्यांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. त्यांचं लक्ष खाली अंगणात होतं. अक्षय तिथं मोटारसायकल पुसत होता.

"हा त्याच खोलीत लहानाचा मोठा झाला," त्या म्हणाल्या. "मी वर घासायची तवा हा खाली पायन्यात झोपून राहे. याले काय होते ते सांगा."

माझं आयुष्य आकड्यांत गेलं. किती विटा, किती लोखंड, भिंत किती वर्षं टिकेल, विचारा आणि उत्तर घ्या. या प्रश्नाचा आकडा माझ्याकडे नव्हता, आणि जो कोणी तो देईल त्यानं तो मनचा दिलेला असेल. मी तसंच सांगितलं: बहुतेक काही होणार नाही, होणारच नाही असं कोणी म्हणू शकत नाही. छातीच्या डॉक्टरला दोघांनी एकदा दाखवावं आणि हा घासण्याचा इतिहास न लाजता सांगावा. आणि अक्षयनं सिगारेट सोडावी, कारण हे तंतू आणि धूर मिळून धोका कितीतरी वाढतो. अक्षय सिगारेट ओढतो हे त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडून गेलं. त्या दिवशी त्या घरात मी एकालाही खूश करू शकलो नाही.

मी हिशेब मांडला. शास्त्रानं पाहता वरचे नऊ पत्रे काढणं पुरेसं होतं. खालचे अठरा रंगवून जागेवर ठेवता आले असते. शेठजींना हा हिशेब फार आवडला, त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. कंचनबाई म्हणाल्या, "मंग नातवाले अर्ध्या घरात फिरू देऊ अन् अर्ध्यात नाही, असं का?" सत्तावीसचे सत्तावीस काढायचे ठरलं. शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या घरी नातू जन्माला घातला.

काढायला शेषराव आला. आमच्या भागात टीनपत्र्यांच्या कामात त्याचं नाव आहे. त्याची नेहमीची रीत सांगतो: हुकाभोवती हातोडा मारायचा, पत्रा फुटला की वरून खाली सोडायचा, संध्याकाळी खराट्यानं गोळा करायचं. मी सांगितलेली रीत ऐकून तो खोलीत पाणी प्यायला गेला आणि हसून परत आला. पत्रा आधी चांगला भिजवायचा, आणि काम होईपर्यंत ओला ठेवायचा. गंजलेले हुक खालून कटरनं तोडायचे, पत्र्याला धक्का नको. एकेक पत्रा दोरानं अखंड उतरवायचा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं, त्यात गुंडाळून चिकटपट्टी लावायची. नाकाला घट्ट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मास्क. दुपट्टा बांधून चालणार नाही. शेवटी झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि फडकीही त्याच प्लॅस्टिकात टाकायची. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत.

"साहेब," शेषराव म्हणाला, "पत्रा उतरवायचा हाय का नवरी?"

खरी अडचण पाण्याची आली. वैशाखात नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. छप्पर भिजवायला टँकर लागणार होता. शेठजी म्हणाले, लोकांना प्यायला नाही आणि मी पत्र्यांना आंघोळ घालू? कंचनबाईंनी टँकरवाल्याला परस्पर सांगितलं. टँकर आला तेव्हा गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना आधी पाणी भरू दिलं, उरलेलं छपरावर. शेठजी दिवसभर दुकानात बसून आवाज ऐकत होते. पाण्याची एकेक बादली त्यांना गल्ल्यातून जाताना दिसत असावी.

कंचनबाई मास्क लावून अंगणाच्या कडेला, माझ्या सांगण्याप्रमाणे वारा जिकडून येत होता त्या बाजूला, पूर्णवेळ उभ्या होत्या. शेषरावच्या माणसानं मास्क हनुवटीवर ओढला की नुसतं नाव घेऊन हाक मारायच्या. ज्या हातानं त्यांनी तारेचा ब्रश मारला, त्याच काटेकोरपणानं त्यांनी हे काम करून घेतलं. मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही.

संध्याकाळी सत्तावीस पत्रे गुंडाळून परसात पडले आणि शेषरावनं ट्रॅक्टरची ट्रॉली बोलावली.

इथं माझ्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. जुना माल काढणाऱ्याचा. मजुरी कमी धरायची आणि उतरलेला माल त्यानं न्यायचा, हे न बोलता ठरलेलं असतं. माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकाची शेवटची ओळ तीच, 'जुन्या मालाची वजावट'. ती मी इतक्या वेळा लिहिली की वाचायचं सोडून दिलं होतं; या घराच्या हिशेबातही ती होती. एकाच्या गोदामाचे पत्रे दुसऱ्याच्या गोठ्यावर, तिथून तिसऱ्याच्या न्हाणीवर, दर वेळी नवी भोकं, दर वेळी मापात कापणं. मोठ्या घरातला धोका छोट्या घरात सोडून येण्याला आम्ही वजावट म्हणत आलो.

शेषराव प्लॅस्टिक सोडायला लागला तेव्हा कंचनबाईंनी विचारलं की हे कुठं चाललं. त्यानं सरळ सांगितलं: मधल्या मुलीनं खोली बांधली आहे, अजून छप्पर नाही, तिच्यावर काळे अठरा घालायचे, स्वच्छ नऊ विकायचे. स्वच्छ दिसतात म्हणून त्यांनाच भाव चांगला येईल.

नेमीचंद शेठ बाहेर आले. व्यवहार ठरल्याप्रमाणे आहे, नेऊ दे, म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, साहेब, तुमच्याच हिशेबात अठरा चांगले होते ना?

होते. जागेवर होते तोवर. मी तेच सांगितलं: उतरवलेला पत्रा नव्या माणसाच्या नव्या मापाला कापावा लागतो, भोकं पाडावी लागतात, आणि ते काम ही पोरगी आणि तिचा नवरा कोरडंच करणार. अशा कचऱ्याची नियमानं वेगळी जागा असते. ती आपल्या जवळपास कुठं, हे मी एका कार्यालयात विचारलं होतं. त्यांनी दुसऱ्या कार्यालयात विचारायला सांगितलं आणि त्यांनी पहिल्या. जागेचा पत्ता लागेपर्यंत प्लॅस्टिक न सोडता, शेठजींच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब, खोल गाडून वर खूण लावणं, एवढंच मला सुचत होतं. ते उत्तम नाही, हेही मी सांगितलं.

"मंग माही मजुरी काहून कमी धरली?" शेषराव म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. शेठजींना ते बरोबर आहे हे कळत होतं, म्हणून ते ट्रॉलीची चाकं पाहू लागले.

कंचनबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात रुमालाची गाठ होती. जुना पत्रा कितीला जातो, त्यांनी विचारलं. शेषराव म्हणाला, तीनशे. त्या मोजायला लागल्या तेव्हा तो थोडा नरमला. ट्रॉलीकडे पाहून हळहळत म्हणाला, "बाई, इतके चांगले पत्रे मातीत घालता?"

"चांगले असते तं माह्या घरावर नसते का राह्यले, शेषरावभाऊ?"

शेषरावनं हातातला दोर सोडला आणि प्लॅस्टिक परत गुंडाळलं. सत्तावीस पत्रे, तीनशेप्रमाणे, एकूण आठ हजार शंभर रुपये. दिले कंचनबाईंनी, घेतले शेषरावनं, रोख.